रायफलीचा बार आणि कानांची जपणूक

मोठ्या बोअरची रायफल चालवणाऱ्याच्या कानाला जी इजा होते तिचा सर्वांत घातक विशेष असा की, ती होत असताना बहुधा दुखत नाही. हाताला चटका बसला तर मनुष्य हात मागे घेतो, डोळ्यात कण गेला तर पापणी आपोआप मिटते; परंतु बार उडाल्यानंतर कानाला थोडे दडे बसतात, बारीक शिटीसारखा नाद काही वेळ ऐकू येत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारे पूर्ववत झाले अशा समजुतीने तोच नेमबाज निःशंक मनाने पुन्हा चांदमारीवर हजर होतो. ही समजूत चुकीची आहे. दडे सुटले याचा अर्थ इजा भरून निघाली असा नव्हे. तिचा काही अंश प्रत्येक वेळी मागे राहतो, साठत जातो, आणि पुष्कळ वर्षांनी त्याचा उलगडा होतो तो प्रथम घरच्या माणसांना. दारावरची घंटा यांना ऐकू येत नाही, नातवंडांचे बोलणे अर्धे निसटून जाते, चारजण एकदम बोलू लागले की हे गप्प बसतात, हे त्यांच्या ध्यानात येते तेव्हा परतीची वाट उरलेली नसते. म्हणून या बाबतीत जी काही तजवीज करावयाची ती पहिले काडतूस भरण्यापूर्वीच केली पाहिजे, आणि ती कशी करावी याचे तपशीलवार विवेचन करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात या विषयाची निकड पूर्वीपेक्षा वाढली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. अशा यशांमुळे कितीतरी घरांतील मुलामुलींना या खेळाची ओढ लागली आहे. त्यांच्याखेरीज राष्ट्रीय छात्रसेनेचे कॅडेट आहेत, वार्षिक सरावाला जाणारे पोलीस आणि राखीव दलाचे जवान आहेत, आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेती संरक्षणाचा परवाना घेतलेले कोकणातले व घाटमाथ्यावरचे शेतकरीही आहेत. परवाना देताना शस्त्र कोठे ठेवावे, काडतुसांचा हिशेब कसा ठेवावा, नूतनीकरण केव्हा करावे याबद्दल सरकार दरबारी कडक तरतुदी आहेत. परंतु ज्याच्या कानापासून हातभर अंतरावर तो बार उडणार त्याच्या कानांविषयी परवानाधारकाला सहसा कोणी दोन शब्दही सांगत नाही, ही उणीव मला फार दिवस जाचत आली आहे.

एकाच बाराने काय होऊ शकते याचे उदाहरण मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाच्या माणसाच्या आयुष्यात आहे. जिम कॉर्बेट यांनी ‘टेम्पल टायगर’ या पुस्तकात तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीची हकिगत सांगितली आहे. १९२९ सालच्या त्या मोहिमेपूर्वी थोडेच दिवस, एका शिकारीत, सोबतच्या माणसाची जड रायफल त्यांच्या डाव्या कानाच्या अगदी जवळ उडाली, कानाचा पडदा दुखावला आणि पुढे त्या जागी गळू झाले. त्या असह्य ठणक्यासह, चेहरा सुजलेला असताना, त्यांनी कुमाऊँच्या डोंगरांत वाघिणीचा माग काढला, आणि ते गळू फुटले तेव्हा कोठे त्यांना आराम पडला. कॉर्बेट यांचे धैर्य वादातीत आहे. पण या हकिगतीतून आपण जी गोष्ट उचलावयाची ती निराळी आहे. तो बार त्यांचा स्वतःचा नव्हता, शेजारच्याचा होता, आणि तो एकच होता. ‘मी कुठे रोज बंदूक चालवतो’ किंवा ‘मी तर नुसता बघायला उभा होतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण मनात धरावे.

आता आवाजाच्या मापाविषयी थोडे. डेसिबल हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. दर २० डेसिबलला हवेतील दाब दसपट होतो, म्हणून १४० आणि १६० या आकड्यांतले अंतर कागदावर लहान दिसले तरी कानाच्या पडद्यावर येणारा दाब दहापट असतो आणि त्यातील ऊर्जा शंभरपट. घरातले साधारण संभाषण ६० डेसिबलच्या आसपास चालते. क्षणिक स्फोटासारख्या आवाजासाठी प्रौढ माणसाच्या बाबतीत १४० डेसिबल ही शिखरमर्यादा अनेक देशांत मानली जाते. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० इतकी खाली धरली आहे. छात्रसेनेत किंवा क्लबात वापरली जाणारी .२२ ची रायफल नेमबाजाच्या कानाशी १४० च्या जवळपास जाते, नळी लांब असेल तर त्याहून काहीशी खाली राहते. परंतु .३१५ ची स्पोर्टिंग रायफल, .३०-०६, लष्करी ७.६२ किंवा तत्सम शक्तिमान काडतुसांच्या रायफली घेतल्या की आकडा १५५ पासून १६५ पर्यंत आणि कधी त्याहूनही वर चढतो. या पायरीवर ‘किती वेळ ऐकले’ हा प्रश्नच गौण ठरतो. एका बारानेही कायमचे नुकसान संभवते. १० मीटरच्या हवाई रायफलीचा आवाज तुलनेने सौम्य असतो, म्हणून तिच्यावर शिकलेला मुलगा पुढे .२२ कडे वळला की कान झाकण्याची सवय त्याला मुळापासून लावावी लागते.

हे नुकसान कोठे होते? बाहेरून आलेला ध्वनी पडद्यावर आदळतो, तीन इवल्याशा हाडांच्या साखळीतून आत जातो आणि शंखाच्या वेटोळ्यासारख्या अंतर्कर्णात पोहोचतो. तेथे सुमारे १२,००० बाह्य आणि सुमारे ३,५०० आंतर केशपेशी प्रत्येक कानात रांगांनी मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या टोकावरील सूक्ष्म केसांच्या हालचालीतूनच मेंदूकडे जाणारा संदेश उत्पन्न होतो. मोठ्या आवाजाने त्या पेशी श्रमतात. वाऱ्याने लवलेले ज्वारीचे पीक दुसऱ्या दिवशी उन्हाबरोबर वर उठते, पण गारपिटीने मोडलेले ताट उठत नाही, तशीच यांची अवस्था आहे. आणि शेतात पुढच्या हंगामी नवे पीक तरी येते, मनुष्याच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाने ती परत आणता येत नाही. पुष्कळांना वाटते की सवयीने कान ‘घट्ट’ होतात, जुन्या जवानाला बाराचे काही वाटत नाही. वाटत नाही याचे कारण त्या उंच स्वरांपुरते त्याला ऐकूच येईनासे झालेले असते.

निसर्गाने कानाला एक संरक्षण दिले आहे खरे. मोठा आवाज येताच मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो आणि हाडांची साखळी ताठरून ध्वनीची तीव्रता कमी करतो. परंतु या स्नायूला आवळण्यास शंभर मिलिसेकंदांपर्यंत अवधी लागतो, आणि बाराचा शिखरदाब तेवढ्या वेळात येऊन निघूनही गेलेला असतो. कारखान्यातल्या सतत चालणाऱ्या यंत्रापुढे जे संरक्षण थोडेबहुत उपयोगी पडते ते बंदुकीपुढे निष्फळ ठरते, ते यामुळे.

बंदुकीच्या आवाजाने आलेले बहिरेपण ओळखण्याची एक खूण तज्ज्ञांना चांगली ठाऊक असते. श्रवणचाचणीच्या आलेखात ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुशः ४,००० च्या ठिकाणी, रेषा खड्ड्यासारखी खाली उतरते. आपल्या भाषेतील स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने ओळखण्यास लागणारी सूक्ष्म ध्वनिलक्षणे याच उंच पट्ट्यात असल्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द उलगडत नाही. ‘खात’ म्हटले की ‘थाट’ म्हटले याचा घोटाळा होतो, आणि तो समोरच्यालाच ‘स्पष्ट बोला’ म्हणून दटावतो. दुसरी खूण अधिक बोलकी आहे. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, तर उजव्या कानाला डोक्याची व खांद्याची सावली मिळते. त्यामुळे अशा नेमबाजांचा डावा कान बहुधा अधिक खालावलेला आढळतो. डावखुऱ्यांच्या बाबतीत उलट.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. प्रथम कशावर विसंबू नये ते सांगतो. कापसाचा बोळा, मग तो तेलात भिजवलेला असो वा कोरडा, अशा आवाजापुढे जवळजवळ निरुपयोगी असतो. काडतुसाची रिकामी पुंगळी कानात अडकवण्याची जुनी खोड काही चांदमाऱ्यांवर अद्याप पाहावयास मिळते. ती कानाच्या नळीत घट्ट बसत नाही, आत जखम करू शकते, आणि तिच्यावरची शिशाची व बारुदाची काजळी थेट त्वचेशी येते. मोबाइलवरची गाणी ऐकण्यासाठी घेतलेले इअरफोन, त्यांत आवाज घटवण्याची वीजयंत्रणा असली तरी, बंदुकीसाठी नाहीत. बघ्याने ऐनवेळी दोन्ही कानांत बोटे घट्ट दाबली तर पुष्कळ बचाव होतो हे खरे, परंतु नेमबाजाचे हात तर रायफलीवर असतात.

खरा आधार दोन वस्तूंचा: कानाच्या नळीत बसणारा इअरप्लग आणि कानावरून बसणारा इअरमफ. या वस्तू घेताना पाकिटावर कोणत्या मानकाचा उल्लेख आहे ते पाहावे. भारतीय मानक ९१६७ हे कर्णरक्षकांसाठीच आहे. परदेशी मालावर संरक्षणाचा अंक छापलेला असतो, उत्तम स्पंजी प्लगवर तो ३० च्या पुढे, मफवर साधारण २० ते ३० च्या दरम्यान. हा अंक प्रयोगशाळेतील आहे. तज्ज्ञाने निरखून बसवलेल्या प्लगला मिळालेला अंक शिबिरात घाईने कोंबलेल्या प्लगला लागू पडत नाही. म्हणूनच व्यावसायिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील शासकीय संस्थेने असा हिशेब घालून दिला आहे की स्पंजी प्लगचा छापील अंक निम्मा धरावा आणि मफचा तीन चतुर्थांश. या हिशेबाने १६५ डेसिबलच्या रायफलीपुढे ३२ अंकाचा प्लग धरला तर पदरात १६ डेसिबलची घट पडते आणि कानाशी १४९ उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. वस्तू महाग घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, असे मी वारंवार सांगतो ते यासाठी. पंचवीस रुपयांचा स्पंजी प्लग नीट बसला तर हजारो रुपयांच्या सैल मफपेक्षा अधिक रक्षण करतो.

तो नीट कसा बसवावा हे थोडे सावकाश सांगणे अवश्य आहे, कारण दहातील आठ-नऊ माणसे तो चुकीचा घालतात असा माझा प्रत्यय आहे. प्रथम हात धुवावेत. काडतुसे हाताळलेल्या बोटांना शिशाचा अंश असतो आणि तोच प्लगबरोबर कानात जातो. मग प्लग अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून सावकाश दाब देत फिरवावा, असा की त्याची बारीक, सुरकुती नसलेली, वातीएवढी कांडी व्हावी. नुसता चिमटीत दाबून चपटा केलेला प्लग आत जाताना घडी धरतो आणि त्या घडीतूनच आवाज शिरतो. उजव्या कानात घालावयाचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढावा. त्यामुळे कानाची वळणदार नळी सरळ होते. तेवढ्यात ती कांडी आत सारून बोटाच्या टोकाने वीस-तीस सेकंद तशीच धरून ठेवावी. येथेच घाई होते. आठ मोजून बोट काढले तर प्लग फुगताना हळूच बाहेर सरकतो आणि कानाच्या तोंडाशी लटकून राहतो. समोरून पाहणाऱ्याला तो पिवळा-केशरी ठिपका स्पष्ट दिसला तर तो बसलेला नाही असे खुशाल समजावे. नीट बसलेला प्लग समोरून जवळजवळ दिसत नाही, स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा खोल वाटतो, आणि दोन्ही तळव्यांनी कान झाकून उघडले तरी बाहेरच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. फरक पडला तर काढून पुन्हा घालावा. काढताना तो एकदम ओढू नये. हळूहळू पिळत काढावा, कारण झटक्याने पडद्यावर ताण येतो. असे प्लग मळले किंवा ताठरले की टाकून द्यावेत. ज्यांच्या कानाची नळी फार अरुंद असते त्यांना, आणि विशेषतः मुलींना व किशोरवयीनांना, प्रौढांचा प्लग दुखतो. त्यांनी लहान आकाराचा घ्यावा, किंवा श्रवणतज्ज्ञाकडून कानाचा साचा घेऊन करवून घ्यावा.

इअरमफच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. त्याच्या वाटीभोवतीची गादी सर्व बाजूंनी त्वचेला चिकटली तरच तो काम करतो. चष्म्याची जाड काडी, टोपीची किनार, वेणीचा पेड, कानातले डूल किंवा बुगडी, यांपैकी काहीही गादीखाली आले की तेथे चीर पडते आणि संरक्षण घटते. म्हणून सरावापूर्वी कानातले काढावे, केस मागे घ्यावेत, चष्मा असल्यास बारीक काडीचा वापरावा आणि टोपी मफच्या कमानीखाली न घेता तिच्या मागे सरकवावी. गादी घामाने कडक होते, तिला भेगा पडतात. नियमित वापरात वर्षभरात ती बदलावी. उन्हाळ्यात घामाने कंटाळून मफ थोडा वर सरकवून ठेवण्याची सवय अनेकांना लागते. त्यापेक्षा विश्रांतीच्या वेळी फायरिंग लाइनपासून दूर जाऊन तो पूर्ण काढावा, पण अर्धवट ठेवू नये.

मात्र रायफलीच्या बाबतीत मफचा सर्वांत मोठा दोष निशाणा धरण्याच्या क्षणी प्रकट होतो. नेमबाज जमिनीवर पालथा होऊन गाल दस्त्यावर टेकवतो. त्या वेळी दस्त्याचा माथा उजव्या मफच्या खालच्या कडेला लागतो आणि वाटी एखाद्या दोऱ्याच्या जाडीइतकी वर उचलली जाते. उभे असताना ज्याने सारे आवाज अडवले तोच मफ, ज्या क्षणी बार उडतो नेमक्या त्याच क्षणी उघडा पडलेला असतो, आणि नेमबाजाचे सारे लक्ष माशीवर असल्यामुळे त्याला ते समजत नाही. यावर उपाय दोन. एक, रायफलीसाठी मुद्दाम केलेला, खालची कड छाटलेला, चपट्या वाटीचा मफ घ्यावा. आणि दुसरा, तो घेतला तरीही आतून प्लग घालावाच. सरावाच्या आरंभी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, प्रत्येक स्थितीत निशाणा धरून पाहावा आणि सोबत्याला मफच्या कडेकडे लक्ष देण्यास सांगावे.

प्लग आणि मफ एकत्र वापरल्याने दोघांच्या अंकांची बेरीज होते असे मात्र नाही. दोहोंतील जो वरचढ त्याच्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते. आकडा किरकोळ वाटेल. परंतु एकातील चूक दुसरा सावरतो हा दुहेरी संरक्षणाचा खरा लाभ आहे. प्लग थोडा सरकला तर मफ आहे, मफ उचलला गेला तर प्लग आहे. त्यापलीकडे कितीही जाड वस्तू लावल्या तरी फार फायदा नाही, कारण चाळीस-पन्नास डेसिबलची घट झाली की उरलेला आवाज कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णात पोहोचू लागतो. माझे मत स्पष्ट आहे: .२२ च्या पुढची कोणतीही रायफल चालवताना, आणि बंदिस्त रेंजवर .२२ सुद्धा चालवताना, दुहेरी संरक्षण हा ऐच्छिक विषय समजू नये.

विजेवर चालणारे मफ आता पुष्कळ ठिकाणी मिळतात. त्यांत बाहेरचा ध्वनी टिपणारे सूक्ष्म ग्राहक असतात; बोलणे ते आत पोहोचवतात आणि आवाज साधारण ८२ डेसिबलच्या वर गेला की तो आत पोहोचवणे थांबवतात. शिकवणाऱ्याला व चांदमारीवरील अधिकाऱ्याला ते फार सोयीचे. प्लगवर असा मफ चढवून त्याचा आवाज थोडा वाढवून ठेवला तर संरक्षणही दुहेरी राहते आणि हुकूमही ऐकू येतात. परंतु अशा यंत्रणेमुळे मफची मूळ अडवणूक वाढत नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत ध्वनिग्राहक असलेले कर्णरक्षक नेमबाजाला वापरू दिले जात नाहीत. ज्यांना स्पर्धेत उतरावयाचे आहे त्यांनी सरावातही साध्या मफचीच सवय ठेवावी.

वस्तूंइतकेच महत्त्व जागेला आहे. उघड्या मैदानावरच्या चांदमारीत आवाज पसरून जातो. पत्र्याचे छत, सिमेंटच्या भिंती आणि नेमबाजांना वेगळे करणारे बाजूचे पडदे असलेल्या रेंजवर तो पुनःपुन्हा परततो. ध्वनी नळीच्या तोंडापुढे व बाजूंना सर्वांत तीव्र असतो, म्हणून कोणीही नळीच्या तोंडाच्या रेषेत बाजूला उभे राहू नये. शेजाऱ्याची रायफल आपल्यापेक्षा पुढे काढलेली असेल तर आपण तिच्या आवाजाच्या धारेत बसलेले असतो. काही रायफलींच्या नळीच्या टोकाला धक्का कमी करण्यासाठी मझल ब्रेक बसवलेला असतो. त्याच्या छिद्रांतून वायू बाजूंना व मागे फेकला जातो. खांद्याला आराम मिळतो, पण नेमबाजाच्या कानाशी आवाज ५ ते १० डेसिबलने वाढतो, आणि शेजारच्याला तर तो नेमबाजापेक्षाही जास्त सोसावा लागतो. अशा रायफलीला रेंजवर शेवटचा कोपरा द्यावा. आखूड नळीच्या रायफलीचाही आवाज त्याच काडतुसाच्या लांब नळीच्या रायफलीपेक्षा मोठा असतो, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

शिबिर घेणाऱ्या उस्तादांवर व चांदमारीच्या अधिकाऱ्यांवर यात मोठी जबाबदारी येते. पुष्कळ वेळा इजा होते ती स्वतःच्या बाराने नव्हे. आपली गोळीबाराची पाळी संपली म्हणून मुलाने मफ काढला, आणि पलीकडच्या मुलाने अडकलेले काडतूस मोकळे करून राहिलेला बार उडवला, तेव्हा होते. म्हणून शिरस्ता असा असावा की फायरिंग पॉइंटच्या ठरलेल्या रेषेच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाच्या कानांत प्लग असावा, मग तो नेमबाज असो, काडतुसे वाटणारा हवालदार असो, छायाचित्र काढणारा पालक असो वा पाहुणा म्हणून आलेला मोठा अधिकारी असो. आणि शेवटची रायफल रिकामी करून तपासली जाईपर्यंत कोणीही तो काढू नये. ‘कान झाकले तर हुकूम ऐकू येणार नाहीत’ ही हरकत मी मानत नाही. हुकूम मोठ्याने, सावकाश व एकाच ठरीव शब्दांत द्यावेत, शिटी आणि लाल झेंडा यांची जोड द्यावी, आणि हाताची खूण पहिल्याच दिवशी शिकवावी. प्रत्येक शिबिराच्या सामानात प्लगचे पाकीट काडतुसांच्या पेटीइतक्याच कटाक्षाने नोंदवले जावे, आणि ते कमी पडले तर गोळीबार पुढे ढकलावा. मुलांच्या कानाची मर्यादा प्रौढांपेक्षा खाली आहे हे वर आलेच आहे. तेव्हा फायरिंगचे शिबिर ठरल्यावर पालकांनी शिक्षकांना या तजविजीबद्दल निःसंकोच विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

इतके करूनही एखादे वेळी प्लग निसटून बार कानावर बसलाच, तर काय करावे? प्रथम त्या दिवसाचा सराव तेथेच थांबवावा. दडे, शिटीसारखा नाद, आवाज दबल्यासारखा वाटणे, चक्कर, यांपैकी काही असेल तर पुढचे काही दिवस कोणत्याही मोठ्या आवाजापासून, लग्नाच्या बँडपासून आणि मिरवणुकीच्या डीजेपासूनही, दूर राहावे. ही लक्षणे दुसऱ्या दिवशीही टिकली, किंवा एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइडचा उपचार योग्य वाटल्यास देतात, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकी आशा अधिक असते. चार-आठ दिवस वाट पाहणे म्हणजे ती संधी घालवणे होय. आणखी एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना मुद्दाम करतो. कान दुखला की लसूण कढवलेले कोमट तेल कानात सोडण्याचा आपल्याकडे फार जुना प्रघात आहे. बारानंतर तो कटाक्षाने टाळावा. पडदा फाटला असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरते आणि जंतुसंसर्गाला वाट करून देते. रक्त किंवा पाणी येत असेल तर कान कोरडा ठेवावा, आंघोळीत त्यात पाणी जाऊ देऊ नये, काडी घालू नये, थेंबही डॉक्टरांनी दिलेलेच घालावेत.

नियमित नेमबाजाने आरंभीच एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी आणि पुढे दरवर्षी ती करीत जावी. चाचणीपूर्वी दोन दिवस तरी बंदूक हाती धरू नये, नाहीतर तात्पुरत्या थकव्यामुळे आकडे बिघडतात. ही चाचणी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते; मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही होते, जी महाराष्ट्राचे एके काळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ साली स्थापन झाली. चाचणी करणाऱ्याला आपण रायफल चालवतो हे आवर्जून सांगावे, म्हणजे तो ३,००० आणि ६,००० हर्ट्झवरही मोजणी घेईल. साध्या तपासणीत हे टप्पे कधी कधी गाळले जातात आणि नेमका तेथेच बंदुकीचा पहिला ठसा उमटतो. आलेखाची प्रत परवान्याच्या कागदांबरोबर एकाच दप्तरात ठेवावी. पुढच्या वर्षीची रेषा ४,००० च्या ठिकाणी १० डेसिबलने जरी खाली आलेली दिसली, तरी चाचणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी, आणि ती घट खरी ठरली तर प्लगचा आकार, तो घालण्याची रीत, मफची गादी आणि रेंजवरची आपली जागा या चारही गोष्टी त्याच आठवड्यात तपासून घ्याव्यात.